घुंगरं ओवायची कशी, बांधायची कशी: कथकच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

आमच्या क्लासमध्ये दर जूनला हे ठरलेलं असतं. नवी आलेली कुणीतरी दुकानातून घुंगरांची जोडी आणते, पिशवीतून काढते आणि सरळ पायाला गुंडाळायला लागते. दहा मिनिटांत एक घुंगरू फरशीवरून घरंगळत जातं. अर्ध्या तासात सगळी माळ घोट्यावर उतरून बसते. मग ती आमच्याकडे बघते आणि आम्ही जुन्या मुली एकमेकींकडे. आम्हा सगळ्यांचंच असं झालेलं आहे.

दुकानातली तयार जोडी विकण्यापुरती तयार असते, नाचण्यासाठी नाही. ती उसवून, घुंगरं तपासून, आपल्या पायाच्या मापाने पुन्हा ओवावी लागते. कथकमध्ये बूट नाहीत, मोजे नाहीत. खाली अनवाणी तळवा, वर घुंगरं, एवढंच आपलं पादत्राण. ते बेताचं बसलं की नाही हे ओळखायची खूण एकच: पाय थांबला की आवाज थांबायला हवा. पाय थांबल्यावरही मागे ‘छनन’ रेंगाळत असेल, तर घुंगरं सैल ओवलेली आहेत किंवा सैल बांधलेली. आणि सैल घुंगरं खोटं बोलतात. कच्चा तत्कार (तळव्याने जमिनीवर काढायचे बोल) भरगच्च वाटायला लावतात, पक्का तत्कार गढूळ करतात.

किती आणि कोणती

आधी गुरूंना विचारा. बऱ्याच ठिकाणी तत्कार हातात ताल धरून, पढंत करत (बोल तोंडाने म्हणत), तिप्पट-चौपट लयीपर्यंत बसल्याशिवाय घुंगरं देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घुंगरू बांधलं की पहिले काही दिवस स्वतःचा पाय ऐकूच येत नाही.

परवानगी मिळाली की लहान मुलांना एका पायात २५ ते ५०, मोठ्या माणसांना १०० पासून सुरुवात पुरते. १५०, २०० हे पुढचं. ‘आवाज कमी येतोय’ म्हणून संख्या वाढवू नका. आवाज तळव्यातून येतो, तो कमी असेल तर पायावर काम करायचं. माझा शंभराचा एक पाय स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८०० ग्रॅमच्या आसपास भरतो. तासभर उचलून आपटायला हे वजन थोडं नाही, घोटा आणि नडगी दोन्हीला ते सवयीनेच झेपतं. पहिला आठवडा रोज १५ मिनिटंच बांधा.

घुंगरं पितळेची घ्या. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातलं जलेसर हे गाव घुंगरं आणि घंटांसाठी ओळखलं जातं. आपल्याकडे पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वरला नृत्याचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. सुटी घुंगरं मिळाली तर फारच उत्तम, उसवायचे कष्ट वाचतात. दोन्ही पायांना मिळून २०० लागणार असतील तर २२० घ्या. वरची २० का, ते लगेच कळेल.

एकेक घुंगरू ऐकायचं

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. जमिनीवर चादर पसरा, घुंगरं ओता, टीव्ही बंद करा. एकेक कानाशी नेऊन हलवा. काही मुकी निघतात: आतली लोखंडी गोळी अडकलेली असते किंवा पितळेला बारीक चीर गेलेली असते. चीर गेलेलं घुंगरू ‘छन’ न म्हणता ‘खट’ म्हणतं. ती बाजूला. काहींच्या पाकळ्या इतक्या उघड्या असतात की गोळी कधी ना कधी बाहेर पडणारच. त्या पकडीने किंचित आत दाबा, पण बेताने, कारण फार दाबलं की आवाज मरतो. पाकळ्यांच्या टोकांवरून बोट फिरवा. बोचलं तर पॉलिश पेपर मारा. हीच टोकं पुढे चुडीदाराचे धागे ओढतात आणि दुसऱ्या पायाच्या पोटरीवर ओरखडे काढतात.

वरची कडीही बघा. तिचं तोंड नीट जुळलेलं नसेल तर दोरी तिथेच कातरली जाते.

उरलेल्यांत काही बारीक, चढ्या आवाजाची असतात, काही जाड, उतरत्या. फार काटेकोर सूर जुळवत बसू नका, फक्त दोन ढिगांत ती सारखी वाटा. नाहीतर उजवा पाय एका सुरात आणि डावा दुसऱ्या. माझी पहिली जोडी अशीच होती. ‘तुझा डावा पाय सर्दी झाल्यासारखा वाजतो,’ असं आमच्या तबलजींनी सहा महिन्यांनी सांगितलं. तोवर मी पायालाच दोष देत होते.

दोरी

सुती हवी. नायलॉनची दोरी दिसायला मजबूत, पण तिच्यात गाठ धरत नाही, घामाने ती घसरते आणि कातडीला काचते. जाडी इतकी की कडीतून जेमतेम जाईल. कडीत दोरी खुळखुळत राहिली तर घुंगरूही खुळखुळणार. रंगीत दोरी घ्यायचा मोह होतो. लाल दोरीचा रंग घामाने पांढऱ्या चुडीदारावर उतरलेला मी पाहिला आहे, तो निघत नाही. पांढरीच घ्या.

नवी दोरी लगेच वापरायची नाही. रात्रभर भिजवा, पिळा, आणि खाली काहीतरी वजन लटकवून वाळू द्या. मी गॅलरीच्या दांडीला बांधून खाली पाण्याची भरलेली बाटली अडकवते. सुती दोरी ताणाखाली लांबते. ती आधी लांबली नाही तर ओवून झाल्यावर पायात लांबेल, आणि घट्ट मारलेल्या गाठी पंधरवड्यात ढिल्या पडतील.

किती लांब घ्यायची? प्रत्येकीच्या घुंगरांचा आकार आणि हाताची गाठ वेगळी, त्यामुळे दुसरीचं माप घेऊ नका. दोरीच्या तुकड्यावर दहा घुंगरं गाठींसकट ओवा, किती दोरी खाल्ली ते टेपने मोजा, त्याला दहाने गुणा. त्यात दोन्ही टोकांच्या शेपट्या धरा: खालची दोन वीत, वरची दीड हात. शिवाय एक हात चुकीसाठी जास्त. उरलेली दोरी कापता येते, कमी पडलेली वाढवता येत नाही. मध्ये जोड दिला तर तोच आधी सुटतो.

दोन्ही टोकं फेव्हिकॉलमध्ये बुडवून, बोटांनी पीळ देऊन रात्रभर सुकवा. बुटाच्या नाडीच्या टोकासारखी ती कडक होतात आणि शंभर कड्यांतून मुकाट्याने जातात.

ओवणं

इथे थोडं थांबू या, कारण घुंगरांची सगळी मदार गाठीवर आहे.

दोरीचा मध्य काढा आणि मधूनच सुरुवात करा. एका टोकापासून सुरू केलंत तर प्रत्येक गाठीतून सगळीच्या सगळी दोरी ओढून घ्यावी लागते. मधून सुरू केलं तर निम्मीच. पहिल्या दहा-बारा गाठींतच हा फरक खांद्यांना कळतो.

मध्यावर एक साधी गाठ मारा. पहिलं घुंगरू ओवा आणि गाठीला टेकवा. आता त्याच्या पुढे दुसरी गाठ मारायची, पण ती हाताने कधीच कडीला लगटून बसत नाही, अर्ध्या बोटावर आवळली जाते. म्हणून गाठ सैल ठेवा, तिच्या मधल्या भोकात दाभण घाला आणि दाभणानेच गाठ ढकलत कडीपर्यंत न्या. दाभण कडीला टेकलेलं असतानाच दोरी आवळा, शेवटच्या क्षणी दाभण काढून घ्या. ‘कट्’ असं काहीतरी बोटांना जाणवतं. गाठ बसल्याची ती खूण. घुंगरू चिमटीत धरून फिरवून बघा. ते डुलायला हवं, पण दोरीवर पुढेमागे सरकता कामा नये. सरकलं तर गाठ सोडून पुन्हा.

मग दुसरं घुंगरू, मग गाठ. दर दहा घुंगरांनी माळ उभी धरून एकदा झटका द्या. जे सैल असेल ते लगेच ओरडतं, आणि दहातलं एक सुधारणं सोपं असतं. चाळिसाव्या घुंगरावर असताना बाराव्याची गाठ ढिली असल्याचा शोध लागण्यासारखं दुःख नाही.

पन्नास एका बाजूला झाली की मध्याकडे परत या आणि दुसऱ्या बाजूने पन्नास. दोन्ही टोकांच्या शेवटच्या घुंगराला दुहेरी गाठ. तर्जनीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावूनच बसा, नाहीतर दोरी तिथलं कातडं सोलते. एका पायाला एक संध्याकाळ लागते. एका बैठकीत दोन्ही पाय उरकायला जाऊ नका, दमलेल्या हाताच्या गाठी नेहमी ढिल्या असतात.

कुणाला हे वाचून समजणार नाही, आणि ते साहजिक आहे. गाठ बघून शिकायची गोष्ट आहे. पुण्यात कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही संस्था सुरू केली. आज शहरात कथकचे इतके वर्ग आहेत की कुठल्या ना कुठल्या सोसायटीत एखादी जुनी विद्यार्थिनी राहत असतेच. तिला एक घुंगरू ओवून दाखवायला सांगा. चहाच्या एका कपात काम होतं.

परदेशातल्या मैत्रिणी विचारतात, वेलक्रोच्या पट्ट्यांवर शिवलेली घुंगरं चालतील का? लहान मुलांना शिकताना खुशाल चालतील. भरतनाट्यमला तर पट्ट्यावर ओळींनी शिवलेली घुंगरंच वापरतात, ती त्यांची रीत आहे. पण कथकमध्ये माळ पोटरीवर वेटोळ्यांनी चढते आणि पायाच्या आकाराप्रमाणे बसते, ते पट्ट्याने होत नाही. लावणीतली चाळ हा तर वेगळाच विषय. तिचं वजन आपल्या शंभरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि ‘पायात चाळ बांधली’ एवढं म्हटलं की बाईचा पेशाच सांगितला जातो. ती बांधण्याची पद्धत फडातल्या जाणत्या बायकांकडूनच शिकावी, इथलं वाचून नव्हे.

बांधणं

आधी आतलं अस्तर. उघड्या कातडीवर घुंगरं बांधली की तासाभरात वळ उठतात. चार इंची क्रेप बँडेज घोट्याच्या वरपासून पोटरीच्या मध्यापर्यंत दोन पदर गुंडाळा. बँडेजसोबत येणारी धातूची आकडी वापरू नका, ती घुंगराखाली आली तर बोचते. टोक आत खोचून वर चिकटपट्टी लावा. चुडीदारावर बांधणार असाल तर चुण्या आधी वर ओढून घ्या. घुंगरांखाली राहिलेली एक चुणी नाचताना खड्यासारखी टोचते.

आता बसा. पाय लांब पसरून नाही. गुडघा उभा, तळवा जमिनीवर सपाट. उभं राहिल्यावर पोटरीचा आकार बदलतो, आणि लांब केलेल्या पायावर बांधलेलं घुंगरू उभं राहिलं की एकतर काचतं किंवा उतरतं. तळवा टेकलेला असला की हा फरक कमी पडतो.

बांधण्याआधी घुंगरं कपाळाला लावतात. श्रद्धा असेल तर श्रद्धेने लावा, नसेल तर एक श्वास थांबायला म्हणून लावा. घाईत बांधलेली घुंगरं ओळखू येतात.

मग असं:

१. खालची शेपटी नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याकडे तोंड करून उभी धरा. डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून ठेवा.

२. पहिला फेरा घोट्याच्या हाडाच्या बोटभर वर. हाडावर अजिबात नको, नाहीतर प्रत्येक ठेक्याला पितळ हाडावर आपटेल. मागे टाचेच्या जाड शिरेवर फार आवळू नका.

३. फेरे वर चढवत जा. उभी शेपटी या फेऱ्यांखाली दबत जाते, आणि हेच तिचं काम. सगळ्या फेऱ्यांना ती आतून एकत्र धरते, म्हणून माळ खाली गळत नाही. प्रत्येक फेऱ्याची घुंगरं खालच्या फेऱ्याच्या दोन घुंगरांच्या मधल्या खोबणीत बसवा, कणसावरच्या दाण्यांसारखी.

४. ओढ सगळीकडे सारखी ठेवा. खालचे फेरे घट्ट आणि दमल्यामुळे वरचे सैल, ही सर्वांत सार्वत्रिक चूक. पोटरीचा फुगवटा सुरू झाला की माळ वर सरकायला बघते, तिथे जरा जास्त लक्ष द्या.

५. घुंगरं संपली की वरची शेपटी एक-दोनदा नुसतीच गुंडाळा आणि उभ्या शेपटीशी बाहेरच्या बाजूला गाठ मारा. आतल्या बाजूला गाठ आली तर दुसरा पाय तिच्यात अडकतो. रोजच्या क्लासला सुरगाठ पुरते, मंचावर निरगाठ. उरलेली टोकं फेऱ्यांखाली खोचा. लोंबतं टोक ठेवायचं नाही, अगदी बोटभरसुद्धा नाही.

दुसरा पाय आरशातल्यासारखा, म्हणजे फेरे उलट्या दिशेने. दोन्ही गाठी बाहेर येतात.

उभ्या राहा. वरच्या फेऱ्यात एक बोट कष्टाने गेलं पाहिजे. सहज गेलं तर सैल, गेलंच नाही तर जास्त घट्ट. पाच मिनिटांनी पावलाकडे बघा. बोटं पांढरी किंवा निळसर दिसली, मुंग्या आल्या, तर ‘होईल सवय’ म्हणू नका, सोडा आणि पुन्हा बांधा. मग तीनतालाचं एक आवर्तन, सोळा मात्रा, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, बरोबरीच्या लयीत. शेवटच्या ‘तत्’ला थांबा आणि ऐका.

एक घरगुती सूचना. फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्यांनी खालच्या मजल्याला आधी भेटून वेळ ठरवून घ्यावी. दुपारी दोन ते चार मुळीच नको. माझी एक मैत्रीण सोसायटीच्या सभेत ‘इतर विषय’ या सदरात चर्चिली गेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी

नवी ओवलेली घुंगरं मंचावर न्यायची नाहीत. निदान दहा-बारा सराव त्यांच्यावर झालेले असू द्यात, म्हणजे दोरी बसते आणि ज्या गाठी सुटायच्या त्या घरीच सुटतात. आदल्या दिवशी माळ हातात घेऊन एकेक घुंगरू ओढून बघा. परीक्षेआधीही हेच करा. समोर परीक्षक ताल धरून बसलेले असताना घरंगळलेलं घुंगरू शोधायचा धीर कुणाला नसतो.

पिशवीत असू द्या: कात्री, चिकटपट्टी, जादा क्रेप बँडेज, हातभर सुती दोरी, सुईदोरा, सेफ्टी पिना. विमानाने जाणार असाल तर तपासणीत पिशवी उघडून दाखवायची तयारी ठेवा. पितळेच्या दोनशे गोळ्या यंत्रावर कशा दिसत असतील देव जाणे, माझी तरी दोनदा उघडायला लावली.

वेशभूषा, केस, दागिने सगळं आटोपल्यावर घुंगरं सर्वांत शेवटी बांधा, नाव पुकारण्याच्या वीसेक मिनिटं आधी. त्याआधी अनवाणी मंचावर एक फेरी मारून या: खिळे, फळ्यांमधल्या फटी, टाचण्या, आधीच्या कार्यक्रमात सांडलेली फुलं. बांधून झाल्यावर विंगेत फिरू नका, दुसऱ्याच्या कार्यक्रमात तुमचा ‘छुमछुम’ ऐकू जातो. चालावंच लागलं तर वाकून दोन्ही हातांनी घुंगरं दाबून धरा. दिसतं विनोदी, पण सगळे तसंच करतात.

माझी निरगाठ एकदा मंचावर सुटली. गाठ पक्की होती, पण टोक खोचायचं राहिलं होतं. चक्करांच्या तिहाईत (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्यात), बहुधा अकराव्या-बाराव्या चक्कराला, उजव्या पायाच्या टाचेखाली ते टोक आलं. पाय उचलला गेला तो दोरी ओढतच. पुढच्या तीन चक्करांत अर्धी माळ उलगडून माझ्याभोवती जमिनीवर गोल फिरत होती. त्या क्षणी वाटतं, तशाच नाचत राहावं. तसं करू नका. लोंबत्या माळेवर पाय पडला तर घोटा मुरगळतो, आणि सुटलेल्या घुंगरावर अनवाणी टाच पडली तर पुढचे आठ दिवस लंगडत काढायचे. मी समेवर थांबले, नमस्काराची मुद्रा धरली आणि तबलजींकडे बघितलं. त्यांनी न विचारता कायदा (तबल्यावरची एक रचना) सुरू केला, पेटीवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी धून, चालूच होता. मी तिथेच बसून, प्रेक्षकांच्या समोर, पुन्हा बांधलं. दोन मिनिटं लागली असतील. त्यांच्या कायद्याला टाळ्या पडल्या, माझ्या चक्करांना नाही पडल्या.

सुटं घुंगरू पडलेलं दिसलं तर पुढच्या हालचालीत पायाने हलकेच मंचाच्या कडेला सारा. गटात नाचत असाल तर हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे चौघी एकाच वेळी त्याच्या मागे लागत नाहीत.

सोडणं आणि ठेवणं

वरून खाली, फेरा-फेरा उलगडत सोडा. गाठ सोडून माळ धाडकन खाली पाडू नका, पाकळ्या वाकतात. क्रेप बँडेज त्याच दिवशी धुवायला टाका. घुंगरं ओल्या दोरीसकट पिशवीत कोंबली की दोरी कुजते आणि आतली लोखंडी गोळी गंजते, गंजलेल्या घुंगराचा आवाज बसतो. पंख्याखाली तासभर पसरा, मग सुती पिशवीत. प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात तर अजिबात नको.

घामाने पितळ काळवंडतं. ओवलेली माळ पाण्यात बुडवून धुवायची नाही. कोरड्या फडक्याने पुसा, तेवढं बास. लखलखीत करायचीच असतील तर दोरी बदलताना सुटी असताना पितांबरीने घासा, पाणी झटका आणि लगेच कडक उन्हात टाका. दोरी वर्षा-दीड वर्षाने बदलावीच लागते. कडीजवळचे धागे पिंजलेले दिसले की वेळ झाली.

मी खंडेनवमीच्या आधीचा रविवार त्यासाठी राखून ठेवते, कारण खंडेनवमीला घुंगरं पूजेत मांडायची असतात आणि काळवंडलेली मांडायला नको वाटतं. चादर, दाभण, चिकटपट्टी, फेव्हिकॉलची बाटली. जुनी दोरी कात्रीने कापली की दोनशे घुंगरं एकदम चादरीवर सांडतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडून विचारतात, “काय गं, आजपासून सराव सकाळचा का?”